आकाश कोणाच्या मालकीचे?

‘फुकट’ या शब्दाला आपल्या भाषेत मान नाही. फुकटचे ते पचत नाही, फुकट्याला कोणी विचारीत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे विनामूल्य दिसणाऱ्या दूरचित्रवाणीविषयी आम्ही कामगार वस्त्यांतून बोलू लागलो की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम संशय उमटतो. दरमहा पैसे मोजल्यावाचून घरात चित्र दिसूच शकत नाही, असा पुष्कळांचा पक्का समज आहे. ज्यांना खरे ठाऊक आहे, तेही ही सोय म्हणजे गरिबांवर केलेला उपकार मानतात. हा उपकार नव्हे, हा हक्क आहे, आणि त्या हक्काला इतिहास आहे. आमचे शिक्षण वाचनालयात, कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि असल्याच व्याख्यानांच्या मांडवात झाले. तेव्हा आम्ही हा इतिहास पंडिताच्या नव्हे, तर हिशेब मागणाऱ्याच्या दृष्टीने मांडणार आहोत.

आरंभ पाण्यापासून करू. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून नळ काढून पुणे शहरात पाणी आणले गेले. ठिकठिकाणी हौद बांधले गेले. हौदावर घागर भरणारा पैसे देत नसे, परंतु त्या नळाचा खर्च रयतेच्या साऱ्यातूनच झाला होता. म्हणजे पाणी फुकट नव्हते, त्याचे मोल सर्वांनी मिळून आधीच चुकते केले होते. आणि तरीही ते सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांना हौदाचा रस्ता बंद होता. १८६८ साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, तेव्हा सार्वजनिक या शब्दाचा खरा अर्थ पुण्याला प्रथम कळला. या उदाहरणातून दोन कसोट्या निघतात. खर्च कोणी केला, ही पहिली, आणि दार कोणाला उघडे आहे, ही दुसरी. याच कसोट्या आता आकाशातून येणाऱ्या लहरींना लावून पाहू.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५ साली येथूनच ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, ती माणसे शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून ते ऐकत. ऐकण्याचे पैसे पडत नसत, पण रेडिओच्या मालकाला टपाल कचेरीत वार्षिक परवाना शुल्क भरावे लागे. या परवान्याची पद्धत दूरचित्रवाणीलाही लागू झाली आणि १९८०नंतरच्या दशकात ती बंद झाली. पहिल्या कसोटीचे उत्तर येथे स्पष्ट मिळते. खर्च प्रेक्षकांनी आणि करदात्यांनी केला.

दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्याला मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले ते १९७३ साली, सिंहगडावर प्रक्षेपक बसला तेव्हा. जागा गडाचीच का निवडली, हे समजण्यास फार विज्ञान नको. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून प्रक्षेपक जितका उंच, तितका त्याचा पल्ला मोठा. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, शहर त्याच्या निम्म्याहूनही खाली. साहजिकच पुण्यातल्या कौलांवरच्या, पत्र्यांवरच्या आणि गच्च्यांवरच्या साऱ्या अँटेना नैऋत्येला, गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वारा सुटला की पोराने वर चढावे, कांब फिरवावी, आणि खालून बापाने ‘आले, आले! आता हलवू नको’ म्हणून ओरडावे, हा प्रकार घरोघर चाले. अँटेना एकदा बसविली की महिन्याचे बिल नाही. वाड्याला आणि झोपडीला लहर सारखीच पोचे.

लहर सारखी पोचली तरी यंत्र सर्वांना परवडत नव्हते. आमच्या लहानपणी साऱ्या चाळीत एखादाच संच असे. कोणाला सतरंजीवर जागा मिळे, कोणाला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, आणि हा फरक नेहमी गर्दीमुळेच पडे असे नाही. तेव्हा दुसरी कसोटी तेथे पुरती उतरली नाही. पण पडद्यावर मात्र आम्ही होतो. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी होते, ‘कामगार विश्व’ आमच्यासाठी होते. ‘ज्ञानदीप’ पाहणाऱ्यांनी तर गावोगाव मंडळे काढली. केवळ पाहणारा माणूस अशा रीतीने काही करू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

१९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंग आले, आणि १९८४ साली देशभर भराभर नवे प्रक्षेपक उभारले गेले. १९९१च्या आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून आली, १९९२ साली खाजगी हिंदी वाहिनी आली, आणि गल्लीगल्लीतून केबलच्या तारा लोंबू लागल्या. तारा ओढणारी मुले बहुधा आमच्यातलीच होती. कारखान्यात भरती थांबली म्हणून त्यांनी हा धंदा धरला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. लोकांना निवड हवी होती आणि ती त्यांनी दिली. मात्र १९९५च्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखविणे केबलचालकांवर बंधनकारक करावे लागले, यावरून वारे कोठे वाहत होते ते कळते.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निर्णय दिला. वाद क्रिकेटच्या सामन्यांचा होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि सरकारी यंत्रणेने आडकाठी केली. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, जे निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्या मर्यादित आहेत, म्हणून त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी आणि सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली झाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. लहर सरकारची नव्हे आणि शेटजीचीही नव्हे, असा त्याचा आमच्या भाषेत अर्थ. प्रसार भारती १९९७ साली अस्तित्वात आली.

पुढे दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने घडल्या. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनने उपग्रहावरून थेट घरी येणारी विनामूल्य सेवा सुरू केली. तिलाच आज ‘फ्री डिश’ म्हणतात. दुसरीकडे २०१३ साली पुण्यात केबलला डिजिटल पेटी सक्तीची झाली. २०१९च्या नव्या दरपत्रकात तर पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचेच कमाल १३० रुपये व वर कर ठरला, पैसे पडणाऱ्या वाहिन्यांची किंमत त्याहून निराळी. आणि मोक्याची थोडी ठिकाणे सोडता देशातील जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२१-२२पर्यंत बंद झाले. गडाकडे पाहणाऱ्या कांबी भंगारात गेल्या. फ्री डिशची थाळी पुण्यात नैऋत्येला नव्हे, आग्नेयेला तोंड करून बसवावी लागते. थाळी, पेटी आणि तार यांचा खर्च एकदाच. महिन्याला देणे काही नाही. चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा असावी, असा अंदाज आहे.

आता पुन्हा पहिली कसोटी लावू. येथेही खर्च आहेच. खाजगी वाहिन्या लिलावात कोट्यवधी रुपये मोजून जागा घेतात, ते जाहिरातींतून वसूल करतात, आणि जाहिरातींचा खर्च साबणाच्या वडीच्या किमतीतून आपणच देतो. २०१९च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय वाहिन्या या सेवेवरून काढून घेतल्या आणि पुढच्या वर्षी परत आणल्या. प्रेक्षकाला दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. हौद सार्वजनिक राहिला, पण पाणी केव्हा सोडायचे हे दुसऱ्याने ठरविले!

तेव्हा केवळ बिल वाचले म्हणून समाधान मानणे पुरेसे नाही. घरात पाचशे रुपये वाचले तर मुलाची वह्या-पुस्तके येतात, हे आम्ही जाणतो, आणि ज्याला ही थाळी बसवावयाची आहे त्याने ती अवश्य व ताठ मानेने बसवावी. परंतु त्या पडद्यावर आज कंत्राटी कामगार कोठे आहे? सुरक्षेच्या साधनांविना यंत्रावर उभा राहणारा तरुण कोठे आहे? लहर आपली, खर्चही फिरून आपलाच, मग पडद्यावर काय यावे याविषयी बोलण्याचा अधिकारही आपलाच आहे. पगारवाढीचे मागणीपत्र आपण दर तीन-चार वर्षांनी लिहितो. त्याच हातांनी, प्रत्येक वस्तीतील मंडळाने सह्यांनिशी, एक मागणीपत्र प्रसार भारतीलाही लिहावे: आमची सेवा विनामूल्य राहू द्या, आणि तिच्यावर आम्हीही दिसू द्या.