गर्भाशयमुखाचा कर्करोग : प्रसाराचे एमआरआय-आधारित पूर्वानुमान

गर्भाशयमुखाचा कर्करोग शेजारच्या ऊतीत, लसिकाग्रंथींत किंवा सूक्ष्म वाहिन्यांत शिरला असण्याची शक्यता शस्त्रक्रियेआधी एमआरआय चित्रांवरून आकड्यात मांडण्याची पद्धत. बोलीत या रोगाला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावतात.

गरज : गाठ लहान आणि मुखापुरतीच असेल तर शस्त्रक्रिया करता येते. ती बाजूच्या ऊतीत (पॅरामेट्रियम) पसरली असेल, तर शेक म्हणजे किरणोपचार आणि त्यासोबत सिस्प्लॅटिन हे कर्करोगविरोधी औषध हा प्रमाण उपचार. पिशवी काढल्यानंतर तपासणीत ग्रंथी बाधित निघाल्या, तर त्याच बाईला शेकही घ्यावा लागतो. मग लघवीचा त्रास, आतड्याच्या तक्रारी, पायाची सूज हे दोन्ही उपचारांचे भोग एकाच शरीराच्या वाट्याला येतात. हे टाळता येण्याजोगे असते आणि पूर्वानुमानाची खरी किंमत त्यातच आहे. फिगो या आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणाने प्रतिमांचा पुरावा ग्राह्य धरला. ग्रंथी बाधित असतील तर गाठ कितीही लहान असो, अवस्था तिसरी (३-सी) ठरते. वाहिन्यांतील शिरकावाने मात्र अवस्था बदलत नाही.

महाराष्ट्रातील पुरावा : मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००३ ते २०१५ या काळात झालेली चाचणी येथे महत्त्वाची आहे. १-बी-२, २-ए आणि २-बी (जुने वर्गीकरण) अवस्थांतील ६३३ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, दुसऱ्याला शेक व सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९.३ टक्के, तर दुसऱ्यात ७६.७ टक्के होते. एकूण जगण्यात फरक दिसला नाही (७५.४ व ७४.७ टक्के). २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे, बाजूला पसरलेल्या रोगावर आधी औषध देऊन नंतर शस्त्रक्रिया करण्याचा आधार कमकुवत झाला. म्हणजे कोणावर शस्त्रक्रिया करू नये, हे आधी ओळखणे अधिकच निकडीचे झाले.

चित्र : टी-२ प्रकारच्या चित्रात निरोगी मुखाभोवती काळपट कडे दिसते आणि गाठ त्यापेक्षा उजळ दिसते. काप मुखाच्या अक्षाला काटकोनात घेतले, तरच हे कडे नीट वाचता येते. कडे अखंड असेल तर रोग बाजूला गेलेला नाही, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. लसिकाग्रंथींच्या बाबतीत डोळा कमी पडतो. लहान व्यास १० मिलिमीटरहून मोठा असलेली ग्रंथी संशयास्पद धरतात. पण नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीतही कर्कपेशी असू शकतात.

प्रारूप : ही उणीव भरून काढण्यासाठी गाठीची कड प्रत्येक कापावर आखतात. त्या भागातील उजेड-अंधाराचा पोत, आकार आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल यांचे शेकडो आकडे संगणक काढतो. त्यांतले मोजके निवडून वय, बायोप्सीतील प्रकार, रक्तातील एससीसी प्रतिजन (या कर्करोगाचा एक दर्शक) यांच्याशी जोडतात. उत्तर मिळते ते टक्क्यांत. प्रकाशित प्रारूपांपैकी बरीचशी चीनमधील एकेका रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवर बेतलेली आहेत.

मर्यादा : समजा, एक प्रारूप ग्रंथी बाधित असलेल्या १०० पैकी ८० जणींना आणि ग्रंथी निरोगी असलेल्या १०० पैकी ८० जणींना बरोबर ओळखते. १०० रुग्णांत २० बाधित असतील तर ते ३२ जणींना बाधित ठरवील. त्यांतल्या खऱ्या १६, म्हणजे निम्म्याच. उशिरा येणाऱ्या रुग्णांत बाधितांचे प्रमाण १०० पैकी ४० असेल तर ४४ पैकी ३२ खऱ्या ठरतील. पण निसटणाऱ्या बाधित स्त्रिया चारवरून आठ होतील. प्रारूप तेच, पण त्याच्या उत्तराचा अर्थ गावागणिक बदलतो. म्हणून दुसऱ्या प्रदेशातले प्रारूप इथल्या रुग्णांवर तपासल्याशिवाय वापरणे हा धोका आहे.

उदाहरणार्थ, गोंदिया जिल्हा : १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा जिल्हा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून. कर्करोगाच्या विशेष उपचारांसाठी नागपूर हे जवळचे मोठे केंद्र. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय तेथेच आहे. सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून निघालेल्या बाईच्या हातातल्या पिशवीत बहुधा एमआरआयच्या फिल्म असतात. डॉक्टर त्या उजेडावर धरून वाचू शकतो, पण प्रारूपाला मूळ डिजिटल चित्रे लागतात. म्हणून सीडी मागून घेणे आणि ती जपणे आवश्यक. तपासणीला जाताना मंगळसूत्र, जोडवी, नाकातली फुली काढावी लागते. तांबी बसवलेली असेल किंवा अंगावर गोंदण असेल तर आधी सांगावे लागते. यंत्रात सुमारे अर्धा तास न हलता पडून राहायचे असते. जरा हालचाल झाली की कड्याची रेघ पुसट होते आणि तिच्यावरून काढलेले आकडेही बिघडतात.

प्रतिबंध : उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही (या रोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.