भांडण नावाचं, जंतू तसाच

मागच्या आठवड्यात आमच्यापैकी एकीनं घरातला औषधांचा डबा उपडा केला. अर्ध्यामुर्ध्या वापरलेल्या सात स्ट्रिपा निघाल्या. दोन दिवसांत घसा बरा वाटला म्हणून काही उरलेल्या, तर काही मेडिकलवाल्याकडून 'मागचीच द्या' म्हणत आणलेल्या. नावड्यात काय, पनवेलात काय, असा डबा घरोघरी आहे. त्यावरून विषय निघाला आणि आम्ही थोडा इतिहास चाळला.

पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालची. पेनिसिलिन आपल्याच राज्यात बनू लागलं. आधी साध्या जखमेत पू होऊन माणूस दगावायचा, तो आता इंजेक्शनानं उठून बसू लागला. पण पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं १९४५ सालीच, नोबेलच्या भाषणात, बजावलं होतं: औषध अपुरं घेतलं तर जंतू मरत नाही, उलट त्याला दाद न द्यायला शिकतो.

तो किती शिकला, हे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात दिसलं. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात तिथल्या रुग्णांच्या नमुन्यांत आतड्यातल्या जंतूंच्या कुळातले २४ जंतू असे मिळाले, की कार्बापेनेम ही राखून ठेवलेली जबर औषधंही त्यांच्यावर चालेनात. त्यातल्या २२ जंतूंत एनडीएम-१ सापडलं. हे एक विकर आहे, ते औषधच मोडून टाकतं. शिवाय ते बनवायची कृती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, शेजारणीला लोणच्याची कृती द्यावी तशी! पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१० मध्ये हे भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापलं. फारशी खळबळ झाली नाही.

ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात याच विषयावर लेख आला आणि गदारोळ उठला. कारण एनडीएममधलं 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं होतं. देशाची बदनामी, परदेशी रुग्ण पळवायचा डाव, असं संसदेपर्यंत गाजलं. जानेवारी २०११ मध्ये लॅन्सेटच्या संपादकांनी नावाबद्दल माफी मागितली. राग आम्हालाही समजतो. पण माहीमच्या बायकांनी आधीच सांगितलं होतं, ते कुणी ऐकलं?

वर्ष संपता संपता तेच पुन्हा. हिंदुजाच्याच डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटानं टीबीचे चार रुग्ण कळवले, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे. पुन्हा वाद पेटला तो 'संपूर्ण औषधरोधी' या नावावरून. त्याच पत्रातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त बोचली. धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या एका काल्पनिक रुग्णासाठी चिठ्ठी लिहायला सांगितली, तर फक्त ५ जणांची बरोबर निघाली.

१ मार्च २०१४ पासून 'एच-वन' यादी लागू झाली. त्यातली औषधं देताना दुकानदारानं रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. २०१६ साली सरकारनं स्ट्रिपेवरच्या लाल रेघेची मोहीम काढली: रेघ दिसली, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

आम्ही डब्यातल्या स्ट्रिपा उजेडात धरून पाहिल्या. सातांपैकी पाचांवर लाल रेघ होती. चिठ्ठी सापडली एकीचीच.