लोकगीताची कल्पना आणि मावळातील ओवी

युरोपीय संगीताच्या ज्या कालखंडास स्वच्छंदतावादी असे म्हटले जाते, त्याची पूर्वपीठिका केवळ संगीतकारांच्या चरित्रांत शोधून भागत नाही. हेर्डर या जर्मन विचारवंताने १७७३ मध्ये ‘लोकगीत’ या अर्थाचा शब्द प्रचारात आणला. पुढे आर्निम व ब्रेंटानो यांनी १८०५ ते १८०८ या काळात जर्मन लोकगीतांचा संग्रह तीन खंडांत प्रसिद्ध केला. याच काळात, १८०६ मध्ये, नेपोलियनने येना येथे प्रशियाचा पराभव केला होता. जे ऐक्य राजसत्तेत उरले नव्हते, ते गीतांत शोधण्याचा हा प्रयत्न होय. मालर याने शतकाच्या अखेरीस या संग्रहातील अनेक पदांना स्वरसाज चढविला. तथापि संग्राहकांनी छापली ती पदे, चाली नव्हेत. आणि पदांतही त्यांनी स्वतः फेरफार केले.

महाराष्ट्रात अशा संग्रहाचे लक्ष प्रथम पोवाड्यांकडे गेले. अॅकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये, तर अॅकवर्थकृत इंग्रजी पद्यानुवाद १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तानाजीच्या पोवाड्यामुळे मावळ्याचा पराक्रम छापील वाङ्मयात स्थिरावला. पहाटे जात्यावर गाणारी मावळातील स्त्री मात्र त्या कक्षेबाहेर राहिली.

वस्तुतः तिच्या गाण्याची परंपरा अधिक प्राचीन आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त आढळतो. ज्ञानेश्वरीने १२९० मध्ये त्याच नावाच्या छंदास ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. जात्यावरील ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. म्हणून श्रम थांबला की गाण्याचे निमित्तच नाहीसे होते.

मावळात तसेच घडले. लोणावळा परिसरातील धरणांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले व मुंबईच्या कापडगिरण्यांस वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. पुढे पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि जाती अडगळीत पडली.

हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागापासून आरंभिलेल्या कार्यातून पुढे एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. येथे पदाबरोबर चाल आली आणि गाणारणीचे नाव व गावही नोंदविले गेले. हा फरक गौण नव्हे. हेर्डरचा ‘लोक’ निनावी होता. त्यामुळे त्याच्या वतीने कोणीही बोलू शकत असे. मावळातील ओवी मात्र सासर, माहेर, भाऊ व विठ्ठल यांविषयी एका विशिष्ट स्त्रीच्या कंठातून बोलते. तिचे नाव टिकले, तरच ते गीत केवळ लोकांविषयीचे न राहता खऱ्या अर्थाने लोकांचे ठरते.