एकदा पुरे: केप हॉर्नची वाट आणि दोन जोडपी

आज आपण समुद्रावरच्या दोन जोडप्यांची हकिगत पाहणार आहोत. एक जोडपं ब्रिटिश, दुसरं फ्रेंच. वाट एकच, दक्षिण पॅसिफिक ओलांडून केप हॉर्नला वळसा घालण्याची. यात आम्हाला रस आहे तो एका प्रश्नापुरता: तयारी पुरेशी झाली, असं माणसानं कधी म्हणायचं?

हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटलनं विचारविनिमयाची चर्चा करताना नौकानयनाचंच उदाहरण घेतलं आहे. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्या विद्येचे नियम पक्के बसलेले नाहीत तिथे माणसाला जास्त विचार करावा लागतो. व्यायामशाळेतल्या शिक्षणापेक्षा नौकानयनात म्हणून जास्त. आता बघा, हे लिहून तेवीसशे वर्षं झाली, आणि 1957 साली भर समुद्रात नेमकी हीच अडचण उभी राहिली.

आधी जागा समजून घेऊ. केप हॉर्न म्हणजे दक्षिण अमेरिकेचं खालचं टोक, साधारण 56 अंश दक्षिण अक्षांशावर. त्या पट्ट्यात पश्चिमेचे वारे पृथ्वीला फेरी घालतात आणि वाटेत त्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. वारा जितकं लांब अंतर पाण्यावरून वाहतो तितकी लाट वाढत जाते. त्यामुळे तिथल्या लाटा इतर समुद्रांसारख्या नसतात.

माइल्स आणि बेरिल स्मीटन. माइल्स ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातले, ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेले. दोघंही डोंगरवेडे. 1939 साली हिंदुकुशातल्या तिरिच मीर शिखराच्या मोहिमेवर गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर तेन्झिंग नोर्गे होते. महायुद्धानंतर, 1951 साली, त्यांनी हाँगकाँगमध्ये बांधलेली 46 फुटांची ‘त्सू हांग’ ही दोन डोलकाठ्यांची नौका विकत घेतली. तेव्हा दोघांनाही शिडाच्या नौकेचा अनुभव नव्हता म्हटलं तरी चालेल. पंचेचाळिशीत शिकले, आणि अटलांटिक नि पॅसिफिकवर फिरून शिकले.

26 डिसेंबर 1956 रोजी ते मेलबर्नहून निघाले. मुलगी इंग्लंडमध्ये शाळेत होती, तिच्याकडे जायचं होतं. सोबत जॉन गझवेल हा तरुण. हा गडी स्वतः बांधलेल्या वीस फुटी नौकेतून जगप्रदक्षिणा करत होता, ती मध्येच थांबवून यांच्याबरोबर आला. एक सयामी मांजरही होतं बरं का.

14 फेब्रुवारी 1957. हॉर्न अजून सुमारे हजार मैल पुढे. वादळात शिडं उतरवलेली, वेग आवरावा म्हणून मागे जाड दोरखंड सोडलेला. त्या काळी जाणकार हेच सांगत. बेरिल सुकाणूवर होत्या, बाकी दोघं खाली केबिनमध्ये. मागून एक लाट आली, तिनं नौकेची मागची बाजू उचलली, नाळ पाण्यात घुसली आणि अख्खी नौका कोलांटी खाऊन उलटली. सरळ झाली तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेलेल्या, सुकाणू गेलेलं, केबिनचं छप्पर उखडून डेकला मोठं भोक पडलेलं, आत पाणी. बेरिल समुद्रात. कमरेची सुरक्षादोरी तुटलेली, खांदा दुखावलेला. मोडक्या डोलकाठीच्या सामानापर्यंत त्या पोहत आल्या आणि दोघांनी त्यांना वर ओढलं. मग बादल्यांनी पाणी उपसणं सुरू झालं. गझवेल सुतारकामात तरबेज. आतलं लाकूड वापरून त्यानं भोक बुजवलं, कामचलाऊ डोलकाठी आणि वल्ह्याचं सुकाणू केलं. मार्चमध्ये, मेलबर्न सोडल्यापासून 87 दिवसांनी, ते चिलीच्या कोरोनेल बंदराला लागले. स्वतःच्या बळावर.

इथं आपण थांबलो तर ही धाडसकथा होईल. पण स्मीटन थांबले नाहीत. दुरुस्ती करून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा निघाले, या वेळी दोघंच. वादळ आलं. गेल्या खेपेला वाऱ्यापुढे पळताना उलटलो, म्हणून आता शिडं उतरवून नौका लाटांवर तशीच सोडून दिली. हीसुद्धा मान्य पद्धत. नौका आडवी होऊन लाटेत लोळली, डोलकाठ्या पुन्हा गेल्या. या खेपेला वालपाराइसो.

म्हणजे दोन्ही शहाणपणं तिथं कमी पडली. माइल्स यांनी 1959 साली पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘एकदा पुरे’. लिहिणाऱ्यावर हा प्रसंग दोनदा गुदरलेला, ही त्यातली गंमत. पण त्या पुस्तकाची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. काय केलं होतं, दोर किती सोडला होता, नौका कशी वागली, हे त्यात सविस्तर आहे. अपयश झाकलेलं नाही.

आता दुसरं जोडपं. बर्नार आणि फ्रांस्वाझ म्वातेसिए. 39 फुटांची पोलादी नौका, नाव ‘जोशुआ’. फ्रांस्वाझ यांची मुलं फ्रान्समध्ये होती, त्यांच्याकडे लवकर पोहोचायचं म्हणून यांनीही हॉर्नची जवळची वाट धरली. नोव्हेंबर 1965 मध्ये ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरून निघाले. बर्नार यांनी आधीच्या खलाशांचे अनुभव बारकाईनं वाचले होते, त्यात ‘त्सू हांग’चाही होता. बेरिल उघड्यावर सुकाणू धरून होत्या. ‘जोशुआ’वर पोलादी घुमटाखाली बसून आतूनच सुकाणू धरता येई.

डिसेंबरात वादळानं गाठलं. मागे अनेक दोर सोडलेले, काहींना लोखंडाचं वजन. पण नौका जड झाली, सुकाणूला दाद देईना. बर्नार यांनी दोर कापून टाकले. नौका मोकळी पळू लागली, आणि प्रत्येक लाट येताना तिला थोडं तिरपं वळवून त्यांनी लाट अंगावरून जाऊ दिली. नौका तगली. जानेवारी 1966 मध्ये हॉर्न ओलांडून, 126 दिवसांत 14,216 सागरी मैल कापून, मार्चअखेर ते स्पेनमधल्या आलिकांतेला पोहोचले.

तर मग दुसऱ्यांची तयारी चांगली आणि पहिल्यांची कच्ची, असं म्हणायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. नौका वेगळ्या होत्या, लाटा वेगळ्या होत्या. त्यातून जगात एकच एक बरोबर पद्धत सिद्ध होत नाही. बर्नार यांच्या हातात जास्त होतं ते एवढंच, की आधीच्यांनी आपली फसगत प्रामाणिकपणे लिहून ठेवली होती.

मुलं किनाऱ्यावर वाट पाहत असताना आईबापांनी असा धोका पत्करावा का, हा प्रश्न श्रोते विचारतील, आणि तो योग्य आहे. नवरा-बायको एकमेकांना संमती देऊ शकतात. मुलांच्या वतीनं ती कोण देणार? याला सोपं उत्तर नाही. पण ज्यानं धोका पत्करला, त्याच्यावर एक ऋण नक्की चढतं. जे घडलं ते जसंच्या तसं सांगण्याचं. स्मीटन यांनी ते फेडलं.

आपल्याकडे, मग ते धरण असो, शस्त्रक्रिया असो की बंद पडलेली सहकारी संस्था, यशाचे अहवाल जाडजूड असतात आणि अपयशाचं एक पानही सापडत नाही. पुढच्यानं मग तयारी कशावरून करायची?

स्मीटन दांपत्यानं डिसेंबर 1968 मध्ये, साठी उलटल्यावर, एका तरुण सोबत्यासह अखेर हॉर्नला वळसा घातला. तोही पूर्वेकडून पश्चिमेला, वाऱ्याच्या विरुद्ध. नौका तीच होती.