एक जमीन, एक नाव?

मंडळी, आज थोडं कामातलं आणि थोडं गावाकडचं. रेल्स किंवा जँगोमध्ये नवीन प्रोजेक्ट घेतला की पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं: या दोन मॉडेल्सचं नातं 'एकाला एक' की 'एकाला अनेक'? बरेचजण हा प्रश्न पाच मिनिटांत उरकतात. आपल्या इंदापूर तालुक्याने तो फार आधी सोडवला, आणि त्या उत्तराचे परिणाम बरीच वर्षं भोगले.

प्रिंगलची आधीची आकारणी डोईजड झाली होती. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी पाहणी सुरू केली. १८३६ पासून जमिनीचा कस बघून तीस वर्षांसाठी सारा ठरला, आणि हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, आणि साऱ्याला जबाबदार असा एक खातेदार. सरकारला सारा वसूल करायचा होता, त्याला एक नाव पुरे होतं.

पण घरात भाऊ चार! कागदावर थोरला, बाकीच्यांचा हक्क तोंडी. नीरा डावा कालवा आला, बारामती-इंदापूरच्या जमिनीला मोल चढलं, तसा तोंडी हक्क महाग पडू लागला. शेवटी १९०३ मध्ये मुंबई सरकारला हक्कनोंदणीचा वेगळा कायदाच करावा लागला.

आजचा सातबारा बघा. गावनमुना सातवर एका जमिनीचे अनेक खातेदार. आठ-अ वर एका खातेदाराच्या अनेक जमिनी. म्हणजे नातं खरं तर 'अनेकांना अनेक'. अशा वेळी मधे तिसरं टेबल लागतं, आणि कोणाचा हिस्सा किती हे त्यातच लिहायचं. नातं कसं बदलत गेलं ते नमुना सहा, म्हणजे फेरफार सांगतो.

म्हणून माझा साधा नियम: आज एकच आहे का, हे विचारू नये. उद्या दुसरा येऊ शकतो का, हे विचारावं. येऊ शकत असेल तर जमिनीच्या टेबलात 'मालक' असा एकच रकाना ठेवू नये. तो नंतर फोडताना जुना डेटा कोणाचा, हे कोड सांगत नाही. माणसांना विचारत बसावं लागतं.

आणि नातेवाईकांनो, घरचा जुना उतारा काढून बघा. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असं लिहिलंय का? बहिणींची नावं नुसती 'इतर हक्कां'त तर नाहीत ना? २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. ती नावं योग्य रकान्यात घालायचं काम आपल्याच पिढीचं आहे.