घर बांधणाऱ्याचा घरावरील हक्क

गिऱ्हाइकाने दिलेल्या सोन्याचा साज घडवून झाला आणि मजुरी थकली, तर ती हाती पडेपर्यंत साज अडवून ठेवण्याचा हक्क कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराला आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 170 तो देते; मात्र सोनाराने उधारी कबूल केली असेल तर तो उरत नाही. राजारामपुरीत बंगला बांधणाऱ्या ठेकेदाराला असा हक्क मुळातच नाही. कलम जंगम मालापुरते आहे. ठेकेदाराने पदरच्या पैशाने आणलेल्या विटा आणि सळई भिंतीत गेल्या की जमिनीच्या धन्याच्या होतात.

हा कायदा इंग्लंडच्या वळणाचा, आणि तिथे बांधणाऱ्याचा जमिनीवर बोजा चढत नसे. इतरत्र तसे नव्हते. रोममध्ये मार्कस ऑरेलियसच्या काळात घर पुन्हा बांधण्यासाठी कर्ज देणाऱ्याचा त्या घरावर तारणहक्क मानला गेला. फ्रान्सच्या 1804 च्या संहितेने गवंड्यांना आणि ठेकेदारांना अग्रहक्क दिला. अमेरिकेत वॉशिंग्टन शहर उभारायचे होते; कारागीर उधारीवर यावेत म्हणून मेरीलँडने 1791 मध्ये तसा कायदा केला.

भारताचा करार कायदा झाला तेव्हा कोल्हापूर संस्थान होते, आणि बांधकामे तिथेही होत होती. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याचा, काळ्या दगडाचा नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात झाला; 1895 मध्ये शाहूपुरी वसली, पुढे राजारामपुरी. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. कायद्यात नसलेले संरक्षण बांधकामाच्या धंद्यात मात्र रिवाजाने उभे राहिले, ते टप्प्याटप्प्याने घ्यायच्या उचलीच्या रूपात.

मजुरीच्या कामात माल धन्याचा असतो, त्यामुळे बुडाली तर मजुरीच बुडते. मालासकट उक्ते घेतलेल्या कामात ठेकेदाराचे भांडवलच अडकते. म्हणून पाया, जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा, फरशी असे हप्ते ठरतात. यातला खरा पेच स्लॅबचा. सेंटरिंगचे भाडे, सळई, सिमेंट, टोळीचा रोज, सगळे एकदम अंगावर येते. शहाणा ठेकेदार तो हप्ता आधी मागतो, कारण एकदा स्लॅब पडला की डोक्यावर छप्पर आलेल्या धन्याची घाई ओसरते. दुसरी संधी वास्तुशांतीची. मुहूर्त ठरलेला असतो तोवर ठेकेदाराच्या शब्दाला वजन असते. त्या दिवशी गवंडी-सुतारांना टॉवेल-टोपीचा मान मिळतो आणि शेवटचे बिल पुष्कळदा तसेच राहते. अनामत म्हणून राखलेली रक्कम गळती आणि भेगांच्या वादात अडकते, ती वेगळीच.

मग उरतो दिवाणी दावा. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल तर 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे तो काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. निकालाआधी मिळकत जप्त करून घ्यायची, तर धनी डिक्री बुडवण्यासाठी ती विकायच्या किंवा हलवायच्या बेतात आहे हे न्यायालयाला पटावे लागते. डिक्री मिळाली तरी गृहकर्ज देणारी बँक पुढे असते, कारण घर आधीच तिच्याकडे गहाण पडलेले असते. धन्याने राजीखुशीने ठेकेदाराच्या नावे घरावर बोजा लिहून देण्याची सोय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 100 मध्ये आहे. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो, आणि घरबांधणीचे करार सहसा साध्या मुद्रांक कागदावर सही करूनच संपतात.