पंचेचाळीस अक्षरांचा रोग

'सर्वांत जास्त "ओ" असलेला इंग्रजी शब्द शोधा' असं कोडं घालणाऱ्यांचा हुकमी एक्का एकच : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस! अक्षरं 45, त्यांत 'ओ' नऊ. अर्थ म्हणे, ज्वालामुखीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग. गंमत अशी की रोग्याचा पत्ता नव्हता तेव्हा शब्द तयार होता. 1935 साली अमेरिकेतल्या कोडेबाजांच्या संघाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो निव्वळ लांबीसाठी जुळवला आणि कोशकारांनीही मुकाट्यानं घरात घेतला.

ठाण्याहून येताना पूर्णा गावची गोदामं मागं टाकून भिवंडीत शिरलं, की यंत्रमागांची खडखड सुरू. इथं ज्वालामुखी नाही. सुताची धूळ मात्र आहे. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या खऱ्या रोगाचं नाव 'बिसिनोसिस'. अक्षरं अवघी दहा, त्यांत 'एस' चार. 1877 साली हे नाव दिलं पॅरिसच्या डॉ. आद्रियाँ प्रूस्त यांनी. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील. चिरंजीवांची वाक्यं पानभर चालत; वडिलांनी शब्द तरी आटोपशीर ठेवला!

या रोगाची खोड विचित्र. आठवड्याची सुट्टी संपवून माणूस कामावर आला, की त्याच दिवशी छाती आवळते. घरचे म्हणतात, खोकला आहे, काढा घे. कोड्यात त्याला तीन घरं पुरतात.